लग्नाची तारीख नंतर, पाळीची आधी

प्रश्न: मी सव्वीस वर्षांची आहे. मूळची बार्शीकडची, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन एमपीएससीचा अभ्यास करते. गेल्या वर्षी सोनोग्राफीत पीसीओडी निघालं, अंडाशयात खूप छोट्या गाठी आहेत म्हणे. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणाले. गोळ्यांवर पाळी वेळेवर यायची. पण रूममेट म्हणाली की त्या गोळ्यांची सवय लागते, पुढे मूल होत नाही. म्हणून चार महिन्यांनी बंद केल्या. आता साडेचार महिने झाले, पाळीच नाही. हनुवटीवर जाड केस येतात, अभ्यासिकेतही मी स्कार्फ काढत नाही. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५८ किलो, म्हणजे मी जाडही नाही. वडिलांना शुगर आहे. आई म्हणते, लग्न कर, सगळं आपोआप सुरळीत होईल. एक स्थळ आलंय. गाठी काढायला ऑपरेशन लागेल का? मला मूल होईल का? आणि मुलाकडच्यांना सांगायचं का?

उत्तर: तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक गोष्ट. साडेचार महिने पाळी नाही, हे तू पत्रात ओघात लिहून गेलीस. मला मात्र सगळ्यात आधी त्याचीच काळजी वाटते. स्थळ थांबेल, ऑपरेशनचा तर प्रश्नच नाही. पाळीसाठी मात्र याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

कारण समजून घे, म्हणजे नुसतं घाबरून नाही तर पटून जाशील. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. त्याची पातळी उतरली की गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं, ती आपली पाळी. पीसीओडीत बीज महिनोन्‌महिने बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक मात्र चालूच राहतं आणि अस्तर वाढत जातं. असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर त्या अस्तरात बिघाड होण्याची, पुढे कर्करोगाचीसुद्धा शक्यता वाढते. तुझ्या वयात तो फार क्वचित होतो, त्यामुळे रात्रीची झोप घालवू नकोस. पण म्हणूनच आम्ही डॉक्टर एक हद्द पाळतो: औषध चालू नसताना सलग तीन महिने, म्हणजे ९० दिवस, पाळी आली नाही तर ती आणायची. तू ती हद्द ओलांडली आहेस.

डॉक्टर आधी गरोदरपणाची चाचणी करायला सांगतील. अविवाहित असलीस तरी सांगतील, सगळ्यांनाच सांगतात, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. ती निगेटिव्ह आली की साधारण दहा ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. त्या संपल्या की काही दिवसांत पाळी येते. कदाचित अस्तराची जाडी पाहायला सोनोग्राफी करतील. एवढंच.

आता गाठींचं. तुझ्या रिपोर्टवर जे काळे ठिपके दिसतात त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेली, बीज सांभाळणारी छोटी पुटकं आहेत. प्रत्येक बाईच्या अंडाशयात ती असतात, तुझ्यात जास्त संख्येने साचली आहेत कारण त्यातलं एकही पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा ते अंडाशयाचा तुकडा कापून काढायचे. त्या काळात दुसरं काही हातात नव्हतं. आज तुझ्यासारख्या मुलीला त्यासाठी कुणी ऑपरेशन सांगितलं तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

आणि नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान होत नाही, हेही लक्षात ठेव. २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी जे निकष ठरवले तेच थोड्या बदलांनी आजही वापरतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. तुझ्याकडे पाळी आणि हनुवटीवरचे केस या दोन आहेतच. पण अशीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही होतात, ती आधी वगळावी लागतात. थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएचपी या रक्ततपासण्या झाल्या आहेत का, ते फाइल उघडून बघ. तू फक्त सोनोग्राफीचाच उल्लेख केलास, त्यामुळे मला शंका आहे. झाल्या नसतील तर करून घे.

तू लिहितेस, मी जाड नाही. मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण पुण्यात राहून ही गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर ते बरोबर नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर मधुमेहावर संशोधन केलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, अशी आपल्या भारतीयांची ठेवण. म्हणून आपल्यासाठी मापंही वेगळी आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, तुझा २३.४ च्या आसपास आहे. त्याहून महत्त्वाचा कमरेचा घेर. टेप घे आणि बेंबीच्या थोडं वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोज. ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांग. मानेवर, काखेत त्वचा काळी आणि जाडसर झाली असेल तर तेही सांग. तो मळ नसतो, घासून जात नाही. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे.

कारण खरी मेख इन्सुलिनमध्ये आहे. पीसीओडी असलेल्या बहुतेक बायकांच्या शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन जास्त बनवायला लावतं, आणि यकृतात तयार होणारं, अँड्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. मग मोकळं अँड्रोजेन रक्तात फिरतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, डोक्यावरचे विरळ होणारे केस, बीज न पिकणं, सगळं यातूनच येतं. वडिलांची शुगर आणि तुझी पाळी या दोन वेगळ्या फायली नाहीत. त्यामुळे तुला साखरेची नीट तपासणी हवी. नुसती उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली म्हणून समाधान मानू नकोस, तीत बराच बिघाड लपून राहतो. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, ती तपासणी करून घे. पुढेही दर एक ते तीन वर्षांनी करत राहा. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल.

गोळ्यांबद्दल तुझ्या रूममेटने सांगितलं ते मी रोज ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण या एका समजुतीपायी कितीतरी मुली उपचार अर्धवट सोडतात. त्या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. सवयही लागत नाही. होतं असं की गोळ्या घेईपर्यंत पाळी नियमित येते, थांबवल्या की शरीर आपल्या जुन्या चालीवर परत जातं, आणि मुलीला वाटतं की गोळ्यांनीच बिघडवलं. तुझी पाळी त्याआधीही अनियमितच होती ना? गोळ्या अस्तर सांभाळतात आणि अँड्रोजेन कमी करतात. आजार मुळापासून त्या घालवत नाहीत, आणि तसं वचन कुणी दिलं असेल तर ते चुकीचं होतं. कुणी घेऊ नयेत हेही आहे: डोळ्यांपुढे चमकून किंवा अंधारून मग डोकं दुखणारी अर्धशिशी असेल, रक्तदाब जास्त असेल, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या पायात-फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. म्हणूनच मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही गोष्ट नाही.

शुगरची तपासणी पाहून डॉक्टर कदाचित मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देतील. ‘मला शुगर झाली का’ म्हणून दचकू नकोस, ते इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारायला देतात. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं. कमी डोसपासून, जेवणासोबत, हळूहळू वाढवत गेलं की बहुतेकींचं दोनतीन आठवड्यांत जमून जातं. बऱ्याच काळ घेतली तर बी-१२ कमी होतं, आणि तू शाकाहारी असशील तर ते आधीच कमी असण्याची शक्यता आहे, म्हणून वर्षातून एकदा तपास. जनऔषधी केंद्रात ही गोळी अगदी स्वस्त मिळते. पीसीओडीसाठी विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरकाच्या महागड्या पाकिटांवर तुझे मेसचे पैसे घालू नकोस, त्याच्या फायद्याचा पुरावा अजून तोकडा आहे.

केसांचं मला तुझ्याशी मनापासून बोलायचं आहे. पुण्यात उन्हाला आणि धुळीला घाबरून सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात, त्यामुळे तुझा स्कार्फ कुणाच्या लक्षात येत नसेल, पण एसी नसलेल्या अभ्यासिकेत एप्रिलमध्ये तो न काढता बसणं किती जड जात असेल. हे केस तुझ्या अस्वच्छतेने किंवा चुकीने आलेले नाहीत. थ्रेडिंग केल्याने, अगदी रेझर फिरवल्यानेही ते जाड होत नाहीत, वाढतही नाहीत. खुशाल काढ. गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण केसाचं आयुष्यच तेवढं असतं. तू त्या चार महिन्यांतच सोडून दिल्या होत्यास, म्हणजे फरक दिसायच्या आधीच. लेझरचा उपयोग होतो, पण खर्चिक आहे आणि बऱ्याच बैठका लागतात, आणि आतून अँड्रोजेन वाढतच राहिलं तर नवे केस येत राहतात. त्यामुळे आधी औषध, आणि लेझर पुढे हातात पगार आल्यावर. मात्र दोनतीन महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट पाहू नकोस. ते वेगळ्या, तातडीने शोधायच्या कारणाचं लक्षण असू शकतं.

खाण्याबद्दल डॉक्टर नुसतं ‘वजन कमी करा’ म्हणाले आणि तू मेसच्या डब्यावर जगतेस. या दोन वाक्यांमध्ये खूप मोठी दरी आहे आणि ती कुणीच भरून काढली नाही. तर ऐक. पीसीओडीसाठी असा कुठला खास डाएट नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की एका आहारपद्धतीने दुसऱ्यापेक्षा जास्त गुण येतो असा पुरावा नाही. तेव्हा किटो, ग्लुटेन-फ्री, दूध बंद, असल्या फंदात पडू नकोस. जमेल तेवढं, पण रोज.

डब्यात तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी येत असेल तर त्यात प्रथिनं फारच कमी आहेत. मेसवाल्या काकूंना विचार, भाताऐवजी उसळ किंवा जास्तीचं वरण देतील का. बऱ्याच जणी देतात, विचारलं तर. नाही तर रूमवर मटकी-मूग भिजत घाल, मोड आले की कांदा-लिंबू घालून खा. दह्याची वाटी, दोन उकडलेली अंडी चालत असतील तर अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. ज्वारीची भाकरी मिळत असेल तर ती घे, तुझ्या बार्शीकडची सवयच आहे. काकडी-गाजर चिरून आधी खा, मग पोळी. चहा सोडायला सांगत नाही, रात्री अमृततुल्यावर तेवढीच गप्पांची वेळ असते हे मला कळतं. पण दिवसातले चहा मोज आणि साखर कमी घालायला सांग, सोबतचे क्रीमरोल-खारी टाळ.

उपास. चतुर्थीला, गुरुवारी दिवसभर काही नाही आणि मग संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, हा प्रकार इन्सुलिनच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. श्रद्धा असेल तर उपास कर, पण राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी, फळ यांवर कर. मेटफॉर्मिन चालू असेल तर उपाशीपोटी ती घेऊ नकोस.

व्यायामाला जिमचे पैसे लागत नाहीत. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचं काम, एवढं पुरे. सदाशिव पेठेतून सारसबागेवरून पर्वतीपर्यंत चालत जा, पायऱ्या चढ, परत ये, सकाळचं झालं. रूमवर उठाबशा आणि भिंतीला टेकून पुश-अप्स. मुख्य म्हणजे अभ्यासिकेत सलग चार तास खुर्चीत बसू नकोस, तासाभराने उठून जिना उतर-चढ. स्नायू हलले की ते साखर ओढून घेतात, त्याला वजनकाट्यावर काही दिसावं लागत नाही. तुझं वजन तीन किलोंनी उतरलं तरी पाळीवर फरक पडू शकतो, पण नाही उतरलं तरी चालणं वाया जात नाही. रात्री दोनपर्यंत जागणं मात्र कमी कर. पुरती झोप नसेल तर इन्सुलिनचा प्रतिसाद आणखी बिघडतो, आणि वाचलेलंही डोक्यात राहत नाही.

या आजारात उदासपणा आणि चिंता जास्त प्रमाणात आढळतात. तू पत्रात कुठे रडल्याचं लिहिलं नाहीस, पण स्कार्फचं लिहिलंस. परीक्षेचा ताण आहे म्हणून सगळं त्याच्यावर ढकलू नकोस, डॉक्टरांना सांग. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता आई. लग्नाने पाळी सुरळीत होत नाही. अंडाशयाला लग्न झाल्याचं कळत नाही. आईला हे फोनवर वाद घालून पटणार नाही. तिला वडिलांच्या शुगरच्या भाषेत सांग: बाबांची शुगर लग्नकार्यात गोड खाऊन बरी झाली नाही, औषध आणि पथ्याने ताब्यात आली, माझंही तसंच आहे. शक्य असेल तर तिला एकदा पुण्याला बोलव आणि डॉक्टरांकडे सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आया मानतात.

मूल होईल का? बहुतेकींना होतं. काहींना आपोआप, काहींना बीज पिकवण्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आज त्यात लेट्रोझोल पहिल्यांदा दिली जाते. म्हणून घाईने लग्न करायचं कारण नाही, आणि परीक्षेचं वर्ष सोडायचंही नाही. उलट बाजूही सांगते: पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं धरून चालू नकोस, बीज कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो. आणि पुढे गरोदर राहशील तेव्हा सुरुवातीलाच शुगर तपासायला लाव.

मुलाकडच्यांना सांगायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. पहिल्याच कांदेपोह्याच्या कार्यक्रमात, सासू-मावशी-आत्यांच्या घोळक्यात सांगायची गरज नाही. तुझी प्रकृती ही बैठकीतली चर्चा नाही. पण तुम्हा दोघांना पुढे जावंसं वाटलं तर सुपारी फुटायच्या आधी, मुलाला एकट्याला, तू स्वतः सांग. अपराधी सुरात नको. ‘मला पीसीओडी आहे, औषध चालू आहे, पाळी त्यावर नियमित असते. मूल हवं असेल तेव्हा कदाचित थोडे उपचार लागतील. तुला काही विचारायचं असेल तर माझ्या डॉक्टरांशी बोलू या.’ एवढंच. लपवून केलेल्या लग्नात गोळ्यांची स्ट्रिप पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवावी लागते, आणि मग एक दिवस ती बंद होते. मला तुझी औषधं पुन्हा बंद पडायला नको आहेत. ऐकून तो मागे सरला तर सरू दे.

पैशांची अडचण असेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर जा. गर्दी असते, पुस्तक सोबत ने. जाताना जुना रिपोर्ट, बंद केलेल्या गोळ्यांचं पाकीट आणि गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, आठवतील तेवढ्या, एका कागदावर लिहून ने. यापुढे त्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहीत जा. शक्यतो एकाच डॉक्टरकडे राहा. केसांना त्वचेचे डॉक्टर, वजनाला जिमवाला, पाळीला तिसरेच, अशी वाटणी झाली की पूर्ण मुलगी कुणालाच दिसत नाही.

एक शेवटचं. साडेचार महिन्यांनी आणलेली पाळी नेहमीपेक्षा जास्त जाईल, पोटही दुखेल. जाड पॅड आणि घरी जेवणाची सोय आधी करून ठेव, त्या दोन दिवसांत टेस्ट सिरीज ठेवू नकोस. पण दर तासाला एक पॅड पूर्ण भिजायला लागलं आणि दोन तास तसंच चाललं, मोठ्या गुठळ्या पडू लागल्या किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नकोस. रूममेटला उठव आणि रिक्षा करून सरळ कॅज्युअल्टीत जा.